गाणे कोणाचे, नोंद कोणाची?

दक्षिण कोलकात्यातील बालीगंज हा विभाग संगीताच्या नकाशावर फार पूर्वीपासून आहे. सचिनदेव बर्मन यांचे घर येथील साउथएंड पार्कमध्ये होते. राहुलदेव बर्मन बालीगंज गव्हर्न्मेंट हायस्कूलचे विद्यार्थी. रवींद्रसंगीताचे श्रेष्ठ गायक देवव्रत विश्वास यांचे दीर्घकाळ वास्तव्य रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूवर होते. डोव्हर लेनच्या नावाने १९५२ पासून भरणारी संगीत परिषद आज त्या गल्लीतून नझरुल मंचावर गेली आहे, पण गल्लीचे नाव तिने सोडलेले नाही. या विभागातील जुन्या दुमजली घरांच्या जागी आता सदनिकांच्या इमारती उभ्या राहत आहेत. अशाच एखाद्या सदनिकेच्या आतल्या खोलीत, भिंतींना जाड फोम चिकटवून, एक संगणक, एक मायक्रोफोन आणि एक कीबोर्ड एवढ्या सामग्रीवर गाणी तयार करणारी तरुण पिढी आज येथे आहे. तिच्यामागे कोणतीही मोठी ध्वनिमुद्रण कंपनी नाही. गाणे रचणे, वाजवणे, मुद्रित करणे आणि जगासमोर ठेवणे ही सारी कामे ती स्वतःच करते. तंत्रज्ञानाने तिला हे स्वातंत्र्य दिले. त्या स्वातंत्र्याचे दाम तिच्या हाती पोहोचते का, हा या लेखाचा विषय आहे.

प्रश्न मूठभर कलावंतांचा वाटेल, परंतु तसा तो नाही. कायद्याने दिलेला हक्क आणि प्रत्यक्ष हाती पडणारा पैसा यांच्यातील अंतर हा आपल्या सार्वजनिक व्यवहाराचा जुनाच विकार आहे. जमीन, मजुरी, निवृत्तिवेतन या क्षेत्रांत तो आपण पाहिला आहे. संगीतात तो आजही तितकाच जिवंत आहे.

थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण भारतातील ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय जन्मला तोच कोलकात्यात. १९०२ मध्ये फ्रेडरिक गैसबर्ग या ग्रामोफोन कंपनीच्या तंत्रज्ञाने गौहर जान यांचे गाणे येथे मुद्रित केले. १९०८ मध्ये सियालदहजवळ कंपनीने तबकड्यांचा कारखाना काढला आणि पुढे तो दमदमला हलवला. त्याच सुमारास हेमेंद्रमोहन बोस नावाचा एक बंगाली उद्योजकही या व्यवसायात उतरला होता. ‘कुंतलीन’ केशतेल आणि ‘देलखोश’ अत्तर विकणाऱ्या या गृहस्थांनी स्वदेशीच्या ऐन भरात, १९०६ च्या सुमारास, मेणाच्या नळकांड्यांवर खुद्द रवींद्रनाथांचा आवाज मुद्रित करून तो बाजारात आणला. पुढे फ्रान्सच्या पाथे कंपनीच्या साहाय्याने त्यांनी तबकड्याही काढल्या. परकीय कंपनीच्या सावलीत स्वतःच्या भांडवलावर संगीत काढणारा हा बहुधा आपला पहिला स्वतंत्र निर्माता. १९३० च्या दशकात मेगाफोन, हिंदुस्थान यांसारख्या देशी कंपन्या त्याच वाटेने आल्या. सचिनदेव बर्मन यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९३२ मध्ये हिंदुस्थाननेच काढली.

या प्रारंभीच्या काळात गायकाला एकरकमी बिदागी मिळे आणि व्यवहार तेथे संपे. रचनाकाराला तबकडीच्या विक्रीत हिस्सा असतो ही कल्पना कायद्यात आली ती १९११ च्या ब्रिटिश कायद्याने आणि त्याच्यावर बेतलेल्या १९१४ च्या भारतीय कायद्याने. ही कल्पना रुजली तेव्हा तिचे मोल किती होते, हे काझी नझरुल इस्लाम यांच्या आयुष्यावरून कळते. ग्रामोफोन कंपनीसाठी त्यांनी विपुल गाणी लिहिली आणि स्वरबद्ध केली. १९३९ मध्ये पत्नी प्रमीलादेवी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा उपचारांसाठी कर्ज काढताना त्यांनी आपल्या ध्वनिमुद्रिकांची रॉयल्टीच तारण ठेवली. शेतकरी जमीन गहाण टाकतो तसे कवीने आपले गाणे गहाण टाकले. याचा एक अर्थ करुण आहे; पण दुसराही एक अर्थ त्यात आहे. रॉयल्टी ही मालमत्ता होती, तिची नोंद कंपनीच्या वहीत होती, म्हणूनच सावकाराने तिच्यावर पैसा दिला. ज्या मालमत्तेची नोंदच नाही, तिच्यावर कोणी काही देत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५७ चा कॉपीराइट अधिनियम आला आणि २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. १९६९ मध्ये गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, मुंबईत स्थापन झाली. त्याच वर्षी तिने आपले दरपत्रक जाहीर केले. त्याला आव्हान दिले ते पूर्व भारतातील चित्रपट व्यावसायिकांच्या संघटनेने. कॉपीराइट मंडळाने संस्थेच्या बाजूने कौल दिला, कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फिरवला आणि १४ मार्च १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. चित्रपटासाठी मोबदला घेऊन गाणे दिले, की विरुद्ध करार नसल्यास त्याचा मालक चित्रपट निर्माता, असे त्या निकालाचे सार होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून, गाणाऱ्याला या कायद्यात स्थानच नाही याकडे संसदेचे लक्ष वेधले. हाच मुद्दा १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी मांडला होता. गायकाला रॉयल्टी मिळावी या त्यांच्या आग्रहावरून मोहम्मद रफी यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांचे म्हणणे, मानधन घेतले की गायकाचा संबंध संपला. लताबाईंचे म्हणणे, गाणे वाजत राहते तोवर संबंध संपत नाही.

संसदेने कृष्ण अय्यर यांचे म्हणणे ऐकायला ३५ वर्षे घेतली. मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती विधेयक संमत केले आणि २१ जून २०१२ पासून ते लागू झाले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीसाठी केलेला पाठपुरावा सर्वज्ञात आहे. या दुरुस्तीचा गाभा असा : गीतकार वा संगीतकाराने आपले हक्क कंपनीला लिहून दिले, तरी त्या गाण्याच्या पुढील वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतील समान वाटा त्याच्याकडेच राहतो. हा वाटा त्याला सोडून देता येत नाही, विकता येत नाही. तो द्यायचाच झाला तर केवळ वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट संस्थेला. चित्रपटातील गाण्याला चित्रपटगृहातील प्रदर्शनाचा अपवाद आहे; चित्रपटाबाहेरच्या गाण्याला तोही नाही. गायक आणि वादक यांनाही व्यापारी वापराच्या रॉयल्टीचा हक्क याच दुरुस्तीने मिळाला. गायकांची संस्था २०१३ मध्ये नोंदली गेली आणि आता तिच्यात वादकांचाही समावेश आहे. आयपीआरएसची नव्या कायद्याखालील नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. एफएम रेडिओ केंद्रांनी ध्वनिमुद्रणाबरोबरच मूळ शब्द-स्वररचनेचीही रॉयल्टी दिली पाहिजे, हे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये स्पष्ट केले. कागदावर पाहता, आपला कायदा निर्मात्या कलावंताच्या बाजूने जगातील अनेक देशांहून अधिक ठामपणे उभा आहे.

मग अडते कुठे? अडते ते एका गाण्यामागे किती हक्क दडलेले असतात, हे न कळण्यात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बालीगंजमधील एका निर्मात्याने चाल बांधली, मैत्रिणीने शब्द लिहिले, तिसऱ्याने गायले, चौथ्याने सरोद वाजवले. या एका गाण्यात कायद्याच्या दृष्टीने तीन स्वतंत्र मालमत्ता आहेत. पहिली, शब्द आणि स्वर यांची रचना. ती रचणाऱ्याच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकते. दुसरी, ध्वनिमुद्रण. ते प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकते आणि ज्याने ते घडवून आणण्याचा पुढाकार व जबाबदारी घेतली, त्याचे असते. तिसरी, गायक व वादक यांचा कलाविष्कार. त्याला ५० वर्षांचे संरक्षण आहे. या तीन मालमत्तांचा पैसा तीन वेगळ्या नळांतून येतो. गाणे ऐकवणाऱ्या ॲपकडून ध्वनिमुद्रणाचा पैसा वितरक कंपनीमार्फत येतो. ती वार्षिक शुल्क किंवा टक्केवारी घेते. रचनेचा पैसा आयपीआरएसकडे जमतो. कलाविष्काराचा पैसा गायक-वादकांच्या संस्थेकडे. आपला निर्माता बहुधा पहिलाच नळ जोडून घेतो. वितरकाकडे गाणे चढवले, महिन्याकाठी खात्यात थोडी रक्कम दिसली, की रॉयल्टी म्हणजे एवढेच, असा त्याचा समज होतो. उरलेल्या दोन नळांचे पाणी कुठे जाते, हे तो विचारीत नाही.

या समजात भर पडते ती शब्दांच्या गोंधळाने. आजच्या संगीतव्यवसायात ‘प्रोड्यूसर’ म्हणजे ठेका, वाद्यमेळ आणि ध्वनीचा पोत रचणारा. कायद्यातील ‘निर्माता’ म्हणजे मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. खोलीत बसून सर्व काही करणारा तरुण दोन्ही अर्थांनी निर्माता असतो, शिवाय संगीतकारही असतो. पण तोच तरुण दुसऱ्यासाठी काम करू लागला, एखाद्या गायकासाठी वाद्यमेळ बांधून देऊ लागला, की कराराविना तो कायद्याच्या दृष्टीने नेमका कोण, हे सांगणे अवघड होते. बिलावर ‘स्टुडिओचे काम’ असे लिहून तो एकरकमी पैसे घेतो. चालीचा महत्त्वाचा भाग त्याचाच असला, तरी त्याचे नाव कुठेच नसते.

या मालमत्तांची ओळख पटवणारे क्रमांकही वेगवेगळे आहेत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो, त्याला आयएसआरसी म्हणतात. रचनेला आयएसडब्ल्यूसी नावाचा दुसरा क्रमांक, आणि रचनाकाराला तिसरा. भारतात ध्वनिमुद्रणाच्या क्रमांकांची व्यवस्था इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही कंपन्यांची संघटना पाहते. तिचे मूळ १९३६ मधील इंडियन फोनोग्राफिक इंडस्ट्रीत आहे. हे तिन्ही क्रमांक एकमेकांशी जोडले गेले, तरच ढाक्यात, लंडनमध्ये किंवा नाशिकमध्ये वाजलेल्या गाण्याचा पैसा बालीगंजच्या खात्याकडे चालू लागतो. येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॉपीराइट कार्यालयातील नोंदणी ऐच्छिक आहे. ती नसली तरी हक्क असतो. पण त्या कार्यालयात नोंदणी केली म्हणून पैसा येऊ लागत नाही. पैसा येतो तो संस्थेच्या सदस्यत्वाने, संस्थेकडे प्रत्येक रचना दाखल केल्याने आणि वितरकाकडे बिनचूक तपशील दिल्याने. जमिनीची मालकी असणे वेगळे आणि उताऱ्यावर नाव असणे वेगळे, हे महाराष्ट्रात सातबारा पाहणाऱ्याला आणि बंगालमध्ये परचा पाहणाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

बाजारही लहान निर्मात्याला अनुकूल नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये टिप्स विरुद्ध विंक या खटल्यात असे ठरवले, की प्रसारणासाठीचा वैधानिक परवाना इंटरनेटवरील गाण्यांच्या ॲपना लागू नाही. २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच मत कायम ठेवले. कंपन्यांसाठी हा विजय होता, कारण दराची घासाघीस त्या करू शकतात. एकटा निर्माता ती करू शकत नाही. वितरकाने जो करार पुढे केला, त्यावर त्याची सही. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केला, की मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या मुद्रणाला रॉयल्टीच मिळणार नाही. हॉटेले आणि उपाहारगृहांतून वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणांचा परवाना कोणी द्यायचा, नोंदणीकृत संस्थेनेच की कंपन्यांकडून हक्क लिहून घेतलेल्या संस्थेनेही, हा वाद विविध न्यायालयांत लढला गेला आहे. या लढाईत स्वतंत्र निर्माता पक्षकारही नाही.

कोलकात्यात एक खास अडचण आहे. रवींद्रनाथांचे निधन १९४१ मध्ये झाले. त्यांच्या साहित्याचा कॉपीराइट त्यावेळच्या ५० वर्षांच्या मुदतीने १९९१ अखेर संपणार होता. विश्वभारतीसाठी संसदेने ही मुदत ६० वर्षे केली आणि तिचा लाभ देशातील सर्वच लेखकांच्या वारसांना झाला. २००१ अखेर रवींद्रसंगीत सर्वांचे झाले. तोवर ध्वनिमुद्रणाला विश्वभारतीच्या संगीत मंडळाची अनुमती लागे. त्या मंडळाशी झालेल्या मतभेदांमुळेच देवव्रत विश्वास यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी रवींद्रसंगीताचे ध्वनिमुद्रण थांबवले. आता कोणीही ही गाणी नव्या रीतीने मुद्रित करू शकतो. रचनेचा हक्क कोणाचाच नाही, पण नव्या मुद्रणाचा हक्क ते करणाऱ्याचा. मात्र यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ध्वनीच्या साम्यावर चालते. एकच चाल, एकच ताल, एस्राजची तीच साथ. त्यामुळे दुसऱ्याच एखाद्या जुन्या मुद्रणाचा मालक नव्या मुद्रणावर दावेदार ठरतो आणि गाणाऱ्याला आपल्याच गाण्याचा पुरावा द्यावा लागतो. पुरावा द्यायला तारखेसह मूळ मुद्रण आणि कागद जपलेले असावे लागतात.

कागद नसला की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण बीरभूम जिल्ह्यातील सिउडीचे लोककवी रतन कहार. ‘बडलोकेर बिटी लो’ हे त्यांचे गाणे १९७० च्या दशकात स्वप्ना चक्रवर्ती यांच्या आवाजात घरोघरी पोहोचले. मार्च २०२० मध्ये बादशाह यांच्या ‘गेंदा फूल’मध्ये त्याच ओळी वापरल्या गेल्या, तेव्हा श्रेय होते केवळ पारंपरिक लोकगीताला. बंगालमध्ये गहजब झाल्यावर बादशाह यांनी कहार यांना पाच लाख रुपये दिले. आधीच्या आवृत्त्यांवर कहार यांचे नाव आढळले नव्हते, हे त्यांचे स्पष्टीकरण खोटे म्हणता येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. २०२४ मध्ये भारत सरकारने कहार यांना पद्मश्री दिली. सन्मान योग्यच झाला. पण पाच लाख रुपये हे औदार्य होते, पद्मश्री हा गौरव होता. रॉयल्टी यांपैकी कशातच नव्हती. रचनाकार जिवंत असताना, त्याच जिल्ह्यात गात असताना त्याचे गाणे ‘पारंपरिक’ ठरले, कारण कोणत्याही नोंदवहीत ते त्याच्या नावावर नव्हते.

येथे मला याच राज्यातील एक प्रशासकीय प्रयोग आठवतो. बर्गादार, म्हणजे महाराष्ट्रातला बटाईदार, याला पश्चिम बंगालच्या भूसुधारणा कायद्याने पिकाच्या वाट्याचे आणि जमिनीतून हुसकावले न जाण्याचे संरक्षण दिले होते. पण जमिनीच्या अभिलेखात त्याचे नाव नव्हते, त्यामुळे न्यायालयात कायदा त्याच्या उपयोगाचा नव्हता. १९७८ मध्ये ‘ऑपरेशन बर्गा’ सुरू झाले. नवा हक्क निर्माण करण्याऐवजी सरकारी अधिकारी गावात गेले, संध्याकाळी शेतमजुरांच्या बैठका घेतल्या, सर्वांसमक्ष विचारपूस केली आणि नावे नोंदवली. सुमारे १४ लाख बर्गादारांची नोंद झाली. त्या मोहिमेच्या मर्यादांवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु तिने दिलेला धडा निर्विवाद आहे. दुर्बळाला कार्यालयापर्यंत येण्यास सांगितले तर नोंद होत नाही. कार्यालयच त्याच्यापर्यंत न्यावे लागते.

संगीतातील बर्गादारासाठी असेच काही करता येण्यासारखे आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही.

पहिली गोष्ट, नोंदणी शिबिरे. रॉयल्टी संस्थांनी राज्याच्या संस्कृती विभागाबरोबर बालीगंजच्या सभागृहांत, तसेच बीरभूम-पुरुलियाच्या मेळ्यांत बसावे. तेथेच सदस्यत्व, तेथेच रचनांची नोंद, तेथेच बँक खात्याची जोडणी. भाषा बंगाली, संथाली असावी. महाराष्ट्रातही कोल्हापूरच्या शाहिरांसाठी, खान्देशात अहिराणी गाणी काढणाऱ्या तरुणांसाठी हेच मराठीत आणि अहिराणीत व्हावे. यूट्यूबवर ऐकल्या जाणाऱ्या त्यांच्या गाण्यांचे हिशेब मुंबईत होतात, पण मुंबईला त्यांची नावे ठाऊक असतीलच असे नाही.

दुसरी, एक पानी नमुना करार. कायदा सांगतो की हक्कांचे हस्तांतर लेखी असले पाहिजे, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. ही तरतूद दुर्बळाच्या बाजूची आहे, पण छापील करारांत ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ हे शब्द आधीच घातलेले असतात. कॉपीराइट कार्यालयाने प्रत्येक भारतीय भाषेत साधा नमुना प्रसिद्ध करावा. त्याला जोडून वाटणीपत्रक असावे. शब्दांचा वाटा कोणाचा, चालीचा कोणाचा, मुद्रणाचा कोणाचा, हे टक्क्यांत लिहून सर्वांनी सही करायची. बर्गादाराच्या बाजूने साक्ष द्यायला गाव होते. गाण्याच्या जन्माला साक्षीदार असतात ते खोलीतील तिघे-चौघेच, आणि गाणे गाजले की त्यांच्या स्मरणशक्तीत फरक पडू लागतो. म्हणून हे पत्रक मुद्रणाच्याच दिवशी व्हायला हवे.

तिसरी, बेवारस पैशाचा उघड हिशेब. ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही अशांची रॉयल्टी संस्थांनी वेगळी ठेवावी आणि ठरावीक मुदतीनंतर ती कल्याणनिधीत जावी, असे २०२१ मध्ये सुधारलेले नियम सांगतात. वार्षिक पारदर्शकता अहवालही बंधनकारक झाला आहे. या पैशाची यादी गाण्याच्या नावाने, गायकाच्या नावाने, स्थानिक लिपीत शोधता आली पाहिजे. बँकांतील दावा न केलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ काढले. गाण्यांसाठी तसे काही करणे अशक्य नाही.

चौथी गोष्ट सरकारच्या स्वतःच्या हाताखालची आहे. दुर्गापूजेचे मंडप आता विषयवार सजतात आणि अनेक मंडळे त्यासाठी खास संगीत तयार करून घेतात. बालीगंज कल्चरल, एकडालिया एव्हरग्रीन, सिंघी पार्क ही मंडळे याच परिसरातील. धार्मिक विधीत संगीत वाजवण्याला कायद्यात सवलत आहे आणि ती असणेच योग्य आहे. मात्र तेच संगीत पुढे जाहिरातीत, समाजमाध्यमांवर, पुढच्या वर्षीच्या चित्रफितीत वापरले जाते आणि रचणाऱ्याला मिळालेली असते एकरकमी रक्कम. राज्य सरकारने २०२४ मध्ये प्रत्येक मंडळाला ८५,००० रुपये अनुदान दिले. अनुदानासाठी अर्ज करतानाच संगीतकाराचे नाव आणि लेखी करार जोडण्याची अट घालण्यास एक शासन आदेश पुरे आहे. पर्यटन खात्याच्या जाहिराती, महापालिकांची स्वच्छतागीते, निवडणूक आयोगाची मतदारजागृतीची गाणी यांनाही तोच नियम लावावा. सरकार स्वतः नाव न लिहिता गाणी विकत घेत असेल, तर खासगी कंपन्यांना उपदेश करण्याचा अधिकार त्याला राहत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, इतक्या लहान रकमांसाठी एवढा व्याप कशाला? बहुतेक स्वतंत्र निर्मात्यांची रॉयल्टी खरोखरच लहान असते, हे खरे. पण कोणते गाणे कधी उचलले जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. रतन कहार यांचे गाणे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा गाजले. हक्काचे आयुष्य रचनाकारानंतरही ६० वर्षांचे आहे. आज न केलेल्या नोंदीची किंमत नातवंडे मोजतील. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. परवान्यांचा आणि शुल्कांचा भार लहान उपाहारगृहे, मंडळे, नवे कलावंत यांच्यावरच पडेल, आणि संस्था मोठ्या कंपन्यांच्याच हिताच्या राहतील. ही भीती निराधार नाही. वसुली संस्थांच्या कारभारात कंपन्यांचे वर्चस्व होते, म्हणूनच २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्या नियामक मंडळात रचनाकार आणि हक्कधारक यांना समान स्थान दिले. पण या संस्थांत लहान रचनाकार सदस्य म्हणून गेलेच नाहीत, तर त्यांच्या वतीने बोलणार कोण? सहकारी साखर कारखान्यांच्या सर्वसाधारण सभा पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको, की सभासदाने वही मागितली नाही, तर वही उघडत नाही.

न्यायालयांनी गेल्या पन्नास वर्षांत आपले काम बरेचसे केले आहे. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता बंदरातून नेपाळकडे निघालेल्या बनावट ध्वनिफिती अडवण्याचा अधिकार मान्य केला, तेव्हा चोरी डोळ्यांना दिसत होती. खोक्यांत भरलेली, सीमाशुल्क खात्याच्या गोदामात पडलेली. आज बहुतेक वेळा चोरी होतच नाही. गाणे रीतसर वाजते, वाजवणारा रीतसर पैसे भरतो, ते पैसे रीतसर एका खात्यात जमा होतात आणि त्या खात्यापुढे नाव नसते. अशा रिकाम्या रकान्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करता येत नाही. तो भरण्याचे काम ज्याचे त्याने, त्याच्या संस्थेने आणि शासनाने मिळून करायचे असते. बालीगंजच्या त्या आतल्या खोलीत आज रात्री तयार होणाऱ्या गाण्यासाठी ते उद्या सकाळी सुरू करता येईल. सही करायला चौघेही तेथेच आहेत.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)